एलईडीच्या पोटातला ताप: बेन्झिनचा थेंब ते नाशिकचा हॉल

ज्यांना इअरफोन घालून निवांत ऐकायला वेळ मिळत नाही, त्यांच्यासाठी या भागाचं हे लिखित रूप. बोलताना तोंडात येणारे 'म्हणजे' आणि 'काये ना' थोडे कमी केलेत. बाकी जसंच्या तसं.

आजची गोष्ट इतिहासाची आहे, पण ती सुरू होते आमच्या घरच्या जेवणाच्या ताटावरून. त्या रात्री बाबा जेवलेच नाहीत.

माझे बाबा इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टर. सातपूर, सिडको, इंदिरानगर या भागांत गेल्या तीस वर्षांत त्यांनी किती घरांचं वायरिंग केलंय, याचा हिशोब त्यांच्याकडेही नाही. दोन वर्षांपूर्वी त्यांनी नाशिकमधल्या एका हॉलचं काम घेतलं. साखरपुडे, बारशी, छोटी लग्नं होतात तसा हॉल. पीओपीच्या फॉल्स सीलिंगमध्ये 12 वॅटचे 64 डाऊनलाइट लावायचे होते. माल नावाजलेल्या कंपनीचा, पक्क्या बिलासकट. डब्यावर छापलेलं: आयुष्य 25,000 तास.

सात महिन्यांत 19 दिवे गेले.

हॉल रोज सरासरी पाच-सहा तास चालतो. म्हणजे दिवे जेमतेम 1,200 तास लागले असतील. हॉलच्या मालकांनी शेवटचा हप्ता अडवून ठेवला. पैशांचं एक वेळ ठीक आहे, पण ते चारचौघांत म्हणाले, "तुम्ही डुप्लिकेट माल लावला." तीस वर्षं ज्या नावावर कामं मिळाली त्या नावाला हे लागलं.

रात्री उशिरा बाबांनी एक मेलेला दिवा माझ्या लॅपटॉपशेजारी आणून ठेवला. म्हणाले, "तू बीटेक ना? मग मला एवढंच सांग. याच्या आत किती गरम होत असेल?"

मी सॉफ्टवेअरवाली. माझी सगळी इंजिनिअरिंग कीबोर्डच्या अलीकडची. पण प्रश्न ओळखीचा वाटला. चालू सर्व्हर उघडून आत बघता येत नाही, बाहेरून मिळणाऱ्या खुणांवरून आतलं दुखणं ओळखावं लागतं. हे तर माझं रोजचं काम. म्हणून शोधायला बसले. आणि लक्षात आलं की एलईडीचा इतिहास ज्या माणसापासून सुरू होतो, त्यालाही नेमका हाच प्रश्न पडला होता.

बेन्झिनचा थेंब

सातपूर किंवा अंबडच्या एमआयडीसीत कुठल्याही वर्कशॉपमध्ये जा, ग्राइंडिंगचं चाक दिसेल. त्यातली बरीच चाकं कार्बोरंडमची असतात, म्हणजे सिलिकॉन कार्बाइडची. जगातला पहिला एलईडी याच पदार्थाचा होता.

1907 साली मार्कोनीचे सहकारी हेन्री जोसेफ राउंड यांनी 'इलेक्ट्रिकल वर्ल्ड' या मासिकात एक छोटीशी नोंद छापली. कार्बोरंडमच्या स्फटिकाला दोन ठिकाणी तारा टेकवून 10 व्होल्ट दिले, तर एखाद-दुसरा स्फटिक पिवळसर उजळतो; 110 व्होल्ट दिले तर बरेच उजळतात. बस, इतकंच. राउंड पुढे रेडिओच्या कामात गुंतले आणि ती नोंद विस्मरणात गेली.

मग येतात ओलेग लोसेव. जन्म 1903 चा, रशियातला. निझ्नी नोव्हगोरोदच्या रेडिओ प्रयोगशाळेत काम करणारा तरुण तंत्रज्ञ, गाठीशी मोठी पदवी नाही. रेडिओसाठी स्फटिक तपासताना त्यांनाही तोच उजेड दिसला. फरक असा की लोसेव तिथे थांबले.

त्या काळी विजेवर चालणारा दिवा म्हटला की काहीतरी तापून लाल-पांढरं होणार, हे ठरलेलं. बल्बमधली टंगस्टनची तार अडीच हजार अंशांच्या आसपास तापते, तेव्हा कुठे उजेड देते. मग हा स्फटिकावरचा ठिपकाही तापूनच उजळतोय का? ठिपका टाचणीच्या टोकाएवढा. त्याला थर्मामीटर लावणार कुठे?

लोसेव यांनी त्या उजळलेल्या जागेवर बेन्झिनचा थेंब ठेवला. बेन्झिन झटकन उडून जाणारं द्रव. ठिपका खरंच तापलेला असेल तर थेंब लगेच नाहीसा व्हायला हवा. तसं झालं नाही. थेंब आपल्या नेहमीच्या गतीनेच उडाला. म्हणजे हा उजेड तापण्यातून येत नव्हता, थेट विजेतून येत होता.

ही युक्ती तुम्ही घरीही पाहिली आहे. आई तव्यावर पाण्याचे चार थेंब शिंपडते आणि ते कसे नाचतात त्यावरून तवा किती तापलाय ते ओळखते. बोट लावून बघत नाही. लोसेव यांनी तेच केलं. एलईडीचं तापमान बाहेरून ओळखण्याची मला सापडलेली ही सगळ्यात जुनी गोष्ट, साधारण शंभर वर्षांपूर्वीची.

लोसेव यांचा शेवट मात्र वाईट झाला. दुसऱ्या महायुद्धात लेनिनग्राडला वेढा पडला, त्या उपासमारीत 1942 साली ते गेले. त्यांच्या कामाची आठवण जगाला फार उशिरा झाली.

'थंड दिवा' हा गैरसमज

लोसेव यांचा निष्कर्ष बरोबर होता: एलईडीचा *उजेड* थंड असतो. पण पुढे आपल्या बोलण्यात त्याचं 'एलईडी थंड असतो' असं झालं. आणि गडबड इथेच आहे.

जुना बल्ब खाणाऱ्या विजेतली फक्त पाचेक टक्के उजेडात बदलायची. बाकीची उष्णता. पण त्यातली बरीचशी उष्णता अदृश्य किरणांच्या रूपाने पुढे फेकली जायची. म्हणून बल्बखाली हात धरला की ऊब लागायची. बल्ब स्वतःचा ताप स्वतःच बाहेर टाकत होता.

एलईडीचं तसं नाही. साधारण एक तृतीयांश वीज उजेडात जाते, हे खूपच चांगलं. उरलेली दोन तृतीयांश मात्र मोहरीएवढ्या चिपच्या पोटात उष्णता होऊन बसते. तिला पुढून निघायला वाट नाही. मागच्या सोल्डरमधून अ‍ॅल्युमिनियमच्या प्लेटमध्ये, तिथून दिव्याच्या अंगात आणि मग हवेत, एवढाच रस्ता. तो बंद झाला की ताप आतच साचतो.

1962 साली निक होलोन्याक यांनी अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकमध्ये डोळ्यांना दिसणारा लाल एलईडी केला, तेव्हा हा प्रश्न मोठा नव्हता. रेडिओवरचा, कॅल्क्युलेटरवरचा तो छोटा लाल ठिपका किती तापणार? खेळ बदलला 1990 च्या दशकात. जपानच्या अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांच्या कामातून चांगला निळा एलईडी आला, त्यावर पिवळं फॉस्फर लावून पांढरा उजेड मिळाला. त्यांना 2014 चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. ठिपक्याचा दिवा झाला, आणि दिवा झाल्याबरोबर तापाचा प्रश्नही घरात आला.

आपल्याकडे तो वाजतगाजत आला. 5 जानेवारी 2015 ला केंद्र सरकारची उजाला योजना सुरू झाली. वीजबिलाच्या खिडकीजवळ रांगेत उभं राहून घेतलेले ते बल्ब तुमच्याही घरात असतील. देशभरात असे 36 कोटींहून जास्त बल्ब वाटले गेले. सरकारी खरेदीचा दर 2014 मध्ये बल्बमागे 310 रुपये होता, तो 2016 मध्ये 38 रुपयांवर आला. चिप सुधारल्या, खरेदी प्रचंड झाली, अशी त्याची कारणं बरीच. पण बाजारात एक बदल तुम्ही हातानेही ओळखू शकता. दहा वर्षांपूर्वीचा एलईडी बल्ब हातात घ्या: जड, बाजूने अ‍ॅल्युमिनियमच्या कडा. आजचा घ्या: हलका, प्लॅस्टिकचा, आत पातळसा पत्रा. चिप कमी तापते म्हणून धातू कमी लागतो, हे खरं. पण याचा अर्थ असाही होतो की चुकीच्या जागी लावला तर सांभाळून घ्यायला आत फारसं काही उरलेलं नाही.

ओहमचा थोरला भाऊ

आता बाबांचा प्रश्न. आत किती गरम?

मी डेटाशीट उघडली आणि त्यातला 'थर्मल रेझिस्टन्स' हा शब्द बाबांना समजावायला लागले. त्यांनी मला मधेच थांबवलं. "म्हणजे ओहमचा नियमच की!"

खरंच तसंच आहे. विजेत व्होल्टेजचा फरक असतो, तसा इथे तापमानाचा फरक. करंटच्या जागी वाहणारी उष्णता, वॅटमध्ये. आणि अडथळा दोन्हीकडे. गंमत म्हणजे उष्णतेचं गणित आधीचं आहे. फ्रान्सच्या फूरियेंनी 1822 साली उष्णता कशी वाहते त्यावर ग्रंथ लिहिला. जर्मनीच्या ओहमनी 1827 मध्ये विजेचा नियम मांडला तो त्याच धर्तीवर. म्हणजे बाबा तीस वर्षं जो नियम वापरत आलेत, तो मुळात उष्णतेच्या नियमाचा धाकटा भाऊ.

आम्ही कागदावर हिशोब मांडला. दिवा 12 वॅटचा. त्यातले दोनेक वॅट ड्रायव्हर खातो. ड्रायव्हर म्हणजे दिव्यासोबतची ती छोटी डबी, जी घरातल्या विजेचं एलईडीला चालेल अशा विजेत रूपांतर करते. उरले 10 वॅट, चिप 24. एका चिपला 0.42 वॅट. एक तृतीयांश उजेडात गेले, उष्णता उरली 0.28 वॅट. चिपचा उष्णतेचा अडथळा डेटाशीटप्रमाणे वॅटमागे 18 अंश. 0.28 गुणिले 18, म्हणजे साधारण 5 अंश.

याचा अर्थ काय? चिपचं पोट तिच्या खालच्या प्लेटपेक्षा फक्त 5 अंशांनी जास्त गरम. म्हणजे प्लेटचं तापमान मोजलं की आतलं कळलं. खरा प्रश्न प्लेट किती तापते हा आहे.

बाबांनी महात्मा गांधी रोडवरून तापमान मोजणारा मल्टिमीटर आणला, त्याच्यासोबत एक बारीक तार येते. एका सोमवारी हॉल रिकामा होता. बाबा शिडीवर, मी खाली वही घेऊन. प्लेटला तार चिकटवून दिवा परत जागेवर बसवला, दोन तास चालू ठेवला.

प्लेट: 88 अंश. म्हणजे चिपच्या पोटात 93.

मला विश्वास बसेना. घरी टेबलावर हाच दिवा 60 च्या पुढे गेला नव्हता.

दोन मिलिव्होल्टची खूण

एका आकड्यावर विसंबायचं नाही, ही माझ्या कामातली सवय. म्हणून दुसरी पद्धत वापरली. आणि ही मला सगळ्यात जास्त आवडते, कारण यात दिवाच स्वतःचा थर्मामीटर होतो.

सेमीकंडक्टर तापला की त्याच्यातून तेवढाच करंट ढकलायला थोडं कमी व्होल्टेज लागतं. एका अंशाला साधारण एक ते दोन मिलिव्होल्ट. तापल्यावर पदार्थाच्या आतली ऊर्जेची दरी थोडी अरुंद होते, हे त्यामागचं एक मोठं कारण. ती किती अरुंद होते याचं सूत्र 1967 साली भारतातून कॅनडात गेलेले ओटावा विद्यापीठाचे वाय. पी. वार्ष्णी यांनी मांडलं. आजही जगभर ते वार्ष्णींच्याच नावाने ओळखलं जातं. चिप बनवणाऱ्या कंपन्या पोटातलं तापमान काढतात ते याच खुणेवरून, त्यासाठी 1995 पासून जेडेक या संस्थेचं प्रमाणित मानकही आहे.

आधी आपल्या चिपची खूण नेमकी किती, ते बघायला हवं. आईचा ओटीजी मागितला. (आईने दोन अटी घातल्या: सोल्डरचा वास येता कामा नये, आणि रविवारच्या केकच्या आत परत मिळाला पाहिजे.) प्लेट आत ठेवायची, ओटीजी 50, मग 70, मग 90 अंशांना स्थिर होऊ द्यायचा, दर वेळी क्षणभरच दिवा लावून व्होल्टेज वाचायचं. आमच्या चिपचा आकडा आला: अंशामागे 1.6 मिलिव्होल्ट.

मग पुन्हा हॉल. दिवा लावल्या लावल्या, 34 अंशांना, चोवीस चिपच्या माळेवर 72.6 व्होल्ट. दोन तासांनी 70.4. फरक 2.2 व्होल्ट. भागिले 24, भागिले 1.6 मिलिव्होल्ट: 57 अंशांची वाढ. 34 अधिक 57, म्हणजे 91.

एका पद्धतीने 93, दुसऱ्या पद्धतीने 91. बाबा शिडीवरूनच म्हणाले, "जमलं की गं!"

इथे एक सूचना, आणि ती गंभीर आहे. हे घरी करू नका. स्वस्त दिव्यांमध्ये एलईडीची प्लेट थेट मेनच्या विजेशी जोडलेली असते, तिला हात लागला तर जीव जाऊ शकतो. आमच्याकडे मीटर जोडणारा माणूस तीस वर्षांचा अनुभवी होता. मी फक्त वही धरली.

मारेकरी कोण?

91 अंश जास्त आहेत, पण चिपचा मृत्यू नव्हे. चिप त्याहून जास्त सोसतात. मग दिवे इतक्या लवकर गेले कसे?

बाबांनी 19 मेलेले दिवे उघडून ओळीने मांडले. सहा दिव्यांत एकेका चिपवर काळा ठिपका. माळेतली एक चिप गेली की सगळी माळ विझते. उरलेल्या तेरा दिव्यांत चिप ठणठणीत होत्या. मेला होता तो ड्रायव्हर. आत कॅपॅसिटरचं डोकं फुगलेलं.

कॅपॅसिटरवर छापलेलं होतं 105 अंश, आणि असे कॅपॅसिटर त्या तापमानाला साधारण 2,000 तास टिकतील असं धरलेलं असतं. स्वीडनच्या अर्‍हेनियस यांनी 1889 मध्ये तापमान आणि रासायनिक क्रियेचा वेग यांचं नातं मांडलं. त्यावरून इंजिनिअर लोकांचा ढोबळ नियम: दर 10 अंश कमी झाले की आयुष्य दुप्पट. छतातल्या चालू ड्रायव्हरवर तार लावली तेव्हा आकडा आला 98. हिशोब केला तर आयुष्य येतं जेमतेम सव्वातीन हजार तास. त्यातले अशक्त आधी जाणार, आणि एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकला की आणखी लवकर. डब्यावर 25,000 होतं.

तो आकडाही खोटा नव्हता. चिपच्या आयुष्याची चाचणी होते ती ठरावीक तापमानाला, 55 अंश, 85 अंश अशी, किमान 6,000 तास. त्यावरून पुढचा अंदाज बांधतात. म्हणजे तासांच्या प्रत्येक आकड्यामागे एक तापमान असतं. डब्यावर तास ठळक छापतात. तापमान छापलंच तर बारीक अक्षरात.

पण छतात 98 अंश आले कुठून? बाबांनी एक दिवा काढून त्या भोकातून हात घातला आणि मूठभर ग्लासवूल बाहेर काढलं.

वायरिंग झाल्यानंतर एसीचं काम झालं होतं. स्लॅबचा ताप खाली येऊ नये म्हणून एसीवाल्यांनी सगळ्या फॉल्स सीलिंगवर ग्लासवूल अंथरलं. हॉलसाठी ते योग्यच. फक्त खाली 64 दिवे होते, आणि प्रत्येकाला उन्हाळ्यात गोधडी पांघरल्यासारखं झालं.

बाबा बराच वेळ ते ग्लासवूल हातात घेऊन बसले. मग म्हणाले, "त्याला दिव्याचं माहीत नव्हतं, मला ग्लासवूलचं. पण दिवे माझे होते. मी परत एकदा वर चढून बघायला हवं होतं."

हिशोब

प्रत्येक दिव्याभोवती वीतभर जागा मोकळी केली. ड्रायव्हर ग्लासवूलच्या बाहेर काढले. पुन्हा मोजलं: प्लेट 66, चिपच्या पोटात 71, कॅपॅसिटर 72. त्याच नियमाने कॅपॅसिटरचं आयुष्य आता वीस हजार तासांच्या जवळ जातं.

मालकांना आम्ही वही दाखवली. आधीचं आणि नंतरचं. त्यांनी बिल पुन्हा नीट वाचलं, 98 च्या आकड्यावर बोट ठेवून थोडा वेळ गप्प बसले. हप्ता मिळाला, 19 दिव्यांची किंमत वजा करून. ती बाबांनी स्वतःहून सोडली, मला पटलं नव्हतं तरी. 'डुप्लिकेट' हा शब्द मालकांनी कधीच परत घेतला नाही. दोन महिन्यांनी त्यांच्या भावाच्या बंगल्याच्या वायरिंगसाठी मात्र बाबांनाच फोन आला. आमच्याकडे माफी अशीच मागतात.

आता बाबांच्या पिशवीत टेस्टरशेजारी तो तापमानाचा मीटर असतो. काम संपलं की एक दिवा दोन तास चालू ठेवतात, प्लेटचा आकडा घेतात, बिलाच्या मागच्या बाजूला पेनने लिहून देतात. परवा एका काकूंनी विचारलं, हे काय लिहिलंय? बाबा म्हणाले, "दिव्याचा ताप बघितला."

तुमच्या घरी बंद काचेच्या गोळ्यात किंवा देवघराच्या बंद कप्प्यात बसवलेला एलईडी वारंवार जात असेल, तर कंपनीला शिव्या घालण्याआधी त्याला वारा कुठून मिळतो ते बघा. आणि असा एखादा किस्सा तुमच्याकडे असेल तर व्हॉइस नोट नक्की पाठवा, पुढच्या भागात ऐकवू.

तोपर्यंत, भेटत राहू!